पहाडगंजची सवारी

कोणत्याही मोठ्या शहराचे इतिहास दोन असतात. एक राज्यकर्त्यांचा. तो तख्तांचा, वेढ्यांचा, तहांचा आणि इमारतींचा असतो, आणि तो लिहिणारे पुष्कळ मिळतात. दुसरा इतिहास त्या शहरात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या माणसाचा. हा सहसा कोणी लिहीत नाही. कारण तो माणूस चार दिवसांनी एक तर परत जातो, नाही तर तिथलाच होऊन राहतो, आणि दोन्ही परींनी त्याचे नवखेपण संपते. परंतु शहराची खरी पारख त्या थोड्या काळातच होत असते. हातात वळकटी किंवा पेटी, खिशात एका पत्त्याचा कागद आणि मनात थोडी धास्ती अशा अवस्थेत जो माणूस स्टेशनाबाहेर येतो, त्याच्याशी शहर कसे वागते? त्याला वाहन मिळते काय, त्याचे भाडे त्याला आधी कळते काय, आणि जिथे जावयाचे तिथेच तो पोचतो काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या शहराची पुष्कळशी नागरिकता सामावलेली आहे, असे मला वाटते.

या दृष्टीने दिल्लीचा इतिहास पाहावयाचा तर लाल किल्ल्यापासून किंवा कुतुबमिनारापासून आरंभ करून चालणार नाही. आरंभ पहाडगंजपासून करावयास हवा. नवी दिल्ली रेल्वे स्टेशनाच्या पश्चिमेकडील दरवाजातून बाहेर पडले की समोर जी दाट वस्ती, धर्मशाळांची आणि हॉटेलांची गर्दी व अरुंद असा मुख्य बाजार लागतो, तेच पहाडगंज. दिल्लीला येणाऱ्या लाखो लोकांनी दिल्लीची पहिली हाक तिथेच ऐकली आहे. ती हाक बहुधा एकाच शब्दाची असते: 'सवारी'!

या शब्दाशी मराठी माणसाने क्षणभर थांबावे. आपल्या भाषेत 'स्वारी' म्हणजे मोहीम. 'श्रीमंतांची स्वारी उत्तरेकडे निघाली' असे आपण बखरींच्या भाषेत म्हणतो, आणि घरात थट्टेने 'आमची स्वारी अजून उठली नाही' असेही म्हणतो. दिल्लीच्या टांगेवाल्याच्या आणि रिक्षावाल्याच्या तोंडी मात्र 'सवारी' म्हणजे गाडीत बसणारा साधा उतारू. मूळ शब्द एकच, परंतु अर्थांमध्ये केवढे अंतर! मार्च १७३७ मध्ये पहिला बाजीराव मोगली फौजांना हुलकावणी देऊन दिल्लीच्या वेशीपर्यंत येऊन ठेपला. आज ज्याला तालकटोरा म्हणतात त्या परिसरात त्याचा तळ पडला आणि शहरातून बाहेर आलेल्या मोगली सैन्याचा त्याने पराभव केला. ती जागा पहाडगंजपासून दोन-तीन मैलांवर आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. पुढे महादजी शिंद्यांच्या काळात मराठ्यांचा अंमल दिल्लीवर बराच स्थिरावला, आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडील पटपडगंजच्या लढाईत तो संपला. इथपर्यंत मराठी माणूस दिल्लीस आला तो स्वारी म्हणून. त्यानंतर तो आला आणि येत राहिला, तो सवारी म्हणून. पहिल्या येण्याचा इतिहास आपल्याला मुखोद्गत आहे. दुसऱ्या येण्याचा फारसा ठाऊक नाही. आज बोलावयाचे आहे ते या दुसऱ्याविषयी.

शहाजहानने १६३९ नंतर वसविलेल्या शहराला तट होता आणि तटाला दरवाजे होते. नैर्ऋत्येकडच्या दरवाजातून अजमेरची वाट निघे, म्हणून तो अजमेरी दरवाजा. त्याच्या बाहेर, टेकड्यांच्या आश्रयाने जो बाजार वाढला तो पहाडगंज. 'गंज' म्हणजे बाजारपेठ, विशेषतः धान्याची. तटबंदीच्या शहराबाहेरील अशा पेठेचे काम दुहेरी असते. माल तिथे उतरतो आणि माणसेही तिथेच उतरतात. रात्री दरवाजे बंद झाले की उशिरा आलेल्याला पेठेतच थांबणे भाग असे. तेव्हा पहाडगंज हा दिल्लीचा उंबरठा आहे तो रेल्वेमुळे नव्हे. रेल्वेच्या दोनशे वर्षे आधीपासून तो उंबरठाच होता.

आणि उंबरठ्यावर माणसाची गत कोणाच्या तरी कृपेवर अवलंबून असते. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, त्या दिवशी पहाडगंजच्या ठाण्यावर मुईनुद्दीन हसन खान हा अंमलदार होता. शहरातून जीव घेऊन निघालेला मेटकाफ हा इंग्रज अधिकारी त्याच्याकडे आला आणि त्याच्या साहाय्याने वाचला. मुईनुद्दीनने पुढे त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आणि ती १८९८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्धही झाली. प्रसंग असामान्य होता हे खरे. परंतु ओळखीचा माणूस भेटला तर तरलो, न भेटला तर बुडालो, हा त्यातला नियम त्या काळच्या प्रत्येक प्रवाशाला लागू होता. शहरातील सार्वजनिक वाहनांचा पुढला सारा इतिहास हा नियम बदलण्याचा इतिहास आहे.

१८६७ च्या आरंभी यमुनेवरील पूल तयार झाला आणि रेल्वे दिल्ली शहरात आली. तिचे स्टेशन शहाजहानच्या शहराच्या उत्तर भागात होते; आज आपण त्याला जुनी दिल्ली म्हणतो. १९११ च्या डिसेंबरात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली, तेव्हा एक अडचण पुढे आली. आग्र्याहून येणारा लोहमार्ग नेमका नव्या राजधानीच्या नियोजित राजपथाला आणि युद्धस्मारकाच्या जागेला छेदून जात होता. तो मार्ग उखडून यमुनेच्या बाजूने वळविण्यात आला आणि १९२४ मध्ये सुरू झाला. या नव्या मार्गासाठी दोन पूल बांधले गेले. एकाला लॉर्ड हार्डिंगचे आणि दुसऱ्याला लॉर्ड मिंटोचे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर त्यांची नावे पालटली. आज मुंबईहून मथुरेच्या वाटेने येणारी गाडी निजामुद्दीन सोडून पुढे निघाली की आधी टिळक पूल लागतो, मग शिवाजी पूल, आणि त्यानंतर नवी दिल्ली. राजधानीच्या दारात शिरताना मराठी उतारूचे स्वागत अशा दोन नावांनी व्हावे हा योगायोगच. परंतु खिडकीशी बसलेल्या कित्येकांना त्याने धीर दिला असेल.

नव्या राजधानीचे मुख्य स्टेशन कॅनॉट प्लेसच्या मध्यवर्ती उद्यानात असावे अशी सरकारची कल्पना होती. रेल्वेने ती अव्यवहार्य म्हणून नाकारली. १९२६ मध्ये अजमेरी दरवाजा आणि पहाडगंज यांच्या मधल्या जागेत एक मजली इमारत आणि एकच फलाट एवढ्या बेताच्या स्टेशनाला मंजुरी मिळाली. १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले तेव्हा व्हाइसरॉयचा लवाजमा याच स्टेशनातून राजधानीत आला. आज तिथे सोळा फलाट आहेत. पहिला फलाट पहाडगंजच्या अंगाला आणि सोळावा अजमेरी दरवाजाच्या अंगाला. त्यामुळे या स्टेशनाला दोन तोंडे आहेत, आणि 'पहाडगंजच्या बाजूने उतरा' किंवा 'अजमेरी गेटच्या बाजूने या' हे दिल्लीकराच्या पत्त्यातले पहिले वाक्य असते. नोकरीनिमित्त दिल्लीत राहणाऱ्या माझ्यासारख्यांना गावाकडच्या पाहुण्यांना सर्वांत आधी हेच कळवावे लागते. चुकीच्या तोंडाने बाहेर पडलेला पाहुणा रुळांच्या पलीकडच्या एका वेगळ्याच दिल्लीत जाऊन पोचतो.

स्टेशन झाले, पण पुढे काय? गाडीतून उतरलेल्या माणसाला घरापर्यंत नेण्याचे काम प्रथम एक्क्याने आणि टांग्याने केले. टांग्याविषयी आज पुष्कळ हळवेपणाने बोलले जाते. घोड्याच्या टापांचा नाद, टांगेवाल्याची अदब, त्याची खुमासदार उर्दू या साऱ्या गोष्टी खऱ्या. पण नवख्या माणसाला टांग्याची आठवण राही ती भाड्याच्या घासाघिशीची. १८७९ च्या हॅक्नी कॅरेज कायद्याने नगरपालिकांना भाडोत्री गाड्यांचे परवाने देण्याचा आणि दर ठरविण्याचा अधिकार दिला होता. परंतु कायद्यातला दर आणि रस्त्यावरचा दर यांची भेट क्वचितच होते. ज्याला अंतर ठाऊक नाही, त्याला दर ठाऊक असून उपयोग काय? टांगेवाल्याचाही त्यात सर्वस्वी दोष नसे. घोड्याचा दाणा रोजचा होता, सवारी मात्र रोजची नव्हती. दोन अगतिक माणसांचा तो सौदा असे. ज्याला कमी माहिती असे, तो हरे.

म्हणूनच त्या काळी परगावी जाणारा माणूस गाडीचे वेळापत्रक विचारण्याआधी 'तिथे आपले कोण आहे?' असे विचारी. दिल्लीतील मराठी मंडळींनी या प्रश्नाला संस्थांच्या रूपाने उत्तर दिले. पहाडगंज-आरामबागेच्या परिसरातच नूतन मराठी विद्यालय उभे राहिले, आणि तिथेच बृहन्महाराष्ट्र भवनाची वास्तू झाली. गोल मार्केटच्या सरकारी चाळी तिथून जवळ, कचेऱ्या फार दूर नाहीत, आणि स्टेशन तर चालण्याच्या अंतरावर. महाराष्ट्रातून बदलीवर किंवा परीक्षेसाठी, किंवा संसदेत काही गाऱ्हाणे मांडण्यासाठी येणाऱ्याला अशा ठिकाणी वरणभाताइतकीच आणखी एक गोष्ट मिळे: कुठल्या वाहनाने जावे आणि किती पैसे द्यावेत याची खात्रीची माहिती. परक्या शहरात भाषेचा आधार म्हणतात तो बहुतांशी हाच असतो.

ओळखीवाचून भागेल अशी पहिली सोय दिल्लीत १९०८ मध्ये आली. ती विजेवर चालणारी ट्राम होय. मुंबईत विजेची ट्राम त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. दिल्लीचे जाळे लहान होते, भरभराटीच्या काळातही सुमारे पंधरा किलोमीटरांचे. परंतु जामा मशीद, चांदणी चौक, चावडी बाजार, लाल कुआं, फतेहपुरी या जुन्या वस्त्यांना तिने सदर बाजार, पहाडगंज, सब्जी मंडी आणि बाडा हिंदूराव या बाहेरच्या पेठांशी जोडले. यांतील दोन नावांकडे आपले लक्ष जावयास हवे. चावडी बाजारातली 'चावडी' ही मूळची आपली मराठी चावडीच, असे सांगतात. आणि ज्यांच्या नावाने बाडा हिंदूराव ओळखला जातो ते हिंदूराव म्हणजे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. दिल्लीच्या टेकडीवरील फ्रेझरचा वाडा १८३५ नंतर त्यांच्याकडे आला, आणि तिथल्या रुग्णालयालाही त्यांचेच नाव आहे. ज्या मराठी उतारूला दिल्लीत कोणी ओळखीचे नव्हते, तोही ट्रामच्या पाटीवर आपल्याकडचे एक नाव वाचू शकत होता.

ट्रामने नवख्याला काय दिले? वेग नव्हे. ती टांग्याहून फारशी वेगवान नव्हतीच. तिने दोन हमी दिल्या. रूळ जिथे जातात तिथेच ती जाणार, आणि तिकिटावर जे छापले आहे तेच भाडे पडणार. शेठजी असो की हमाल, दिल्लीत जन्मलेला असो की कालच आलेला असो, पैसा सर्वांना सारखा. समतेचा हा धडा दिल्लीच्या रस्त्यावर प्रथम ट्रामच्या बाकावर शिकविला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पण तिची मर्यादाही तिच्या रुळांतच होती. जुन्या शहरातल्या गल्ल्या रुंद होण्याजोग्या नव्हत्या, नवी दिल्ली तिच्या टप्प्यात आली नाही, आणि गर्दी वाढत गेली तसतशी तीच रस्त्याला अडचण ठरू लागली. १९६३ मध्ये दिल्लीची ट्राम बंद झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईचीही. फरक एवढाच की मुंबईला उपनगरी रेल्वे होती. दिल्लीजवळ रुळावरचे म्हणावे असे काहीच उरले नाही.

तोवर शहरच पालटून गेले होते. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजारांच्या घरात होती; १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. मध्ये १९४७ साल होते. त्या सप्टेंबरात पहाडगंजने भीषण रक्तपात पाहिला. तिथली कित्येक मुसलमान कुटुंबे परागंदा झाली आणि पश्चिम पंजाबातून उखडलेली हिंदू-शीख कुटुंबे तिथे येऊन राहिली. ही माणसेही दिल्लीत पहिल्यांदाच आलेली होती. पण त्यांच्याजवळ परतीचे तिकीट नव्हते. त्यांच्यातल्या काहींनी युद्धात वापरून झालेल्या जड मोटारसायकली मिळविल्या, त्यांच्या मागे सहा-आठ माणसे बसतील असा साटा जोडला आणि कॅनॉट प्लेसपासून लाल किल्ल्याच्या बाजूला फेऱ्या सुरू केल्या. हीच दिल्लीची प्रसिद्ध 'फटफट सेवा'. आवाज कानठळ्या बसविणारा, हादरे हाडे खिळखिळी करणारे. पण भाडे माणशी ठरलेले आणि वाट ठरलेली. ती पन्नास वर्षे चालली आणि प्रदूषणाच्या कारणाने १९९८ मध्ये बंद झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिल्लीत वाहन हाकणारा हाही बहुतेक वेळा परकाच असतो. १९४७ नंतर तो लाहोर-रावळपिंडीकडचा होता. पुढच्या काळात सायकलरिक्षा ओढणारा बिहारकडून, पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून आला. ज्याला आपण 'इथला माहीतगार' समजून वाट विचारतो, तो स्वतः दोन वर्षांपूर्वी याच स्टेशनावर पत्त्याचा कागद घेऊन उतरलेला असतो. नवख्याला नवखाच वाट दाखवितो, असे हे शहर आहे. हे कळले म्हणजे रिक्षावाल्याशी बोलताना आपला आवाज आपोआप एक पट्टी खाली येतो.

बसचा इतिहास सरकारी कागदपत्रांत सविस्तर सापडतो. तो थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यापूर्वी दिल्लीत बस चालविणाऱ्या कंपनीचे नाव होते ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी. त्यातले ग्वाल्हेर मराठी कानाला परके नाही. तिची सेवा अपुरी पडू लागली म्हणून मे १९४८ मध्ये केंद्र सरकारने बससेवा आपल्या हाती घेतली. १९५० च्या कायद्याखाली तिचे प्राधिकरण झाले, १९५८ मध्ये ती महानगरपालिकेकडे गेली, १९७१ मध्ये पुन्हा केंद्राकडे येऊन दिल्ली परिवहन निगम बनली आणि १९९६ मध्ये दिल्ली सरकारच्या स्वाधीन झाली. इतके धनी बदलले याचा अर्थच असा की प्रश्न कोणालाच पुरता सुटला नव्हता. १९९२ नंतर खाजगी बसगाड्यांना मोकळीक मिळाली. सवारीसाठी परस्परांशी शर्यत लावणाऱ्या त्या गाड्यांनी कित्येकांचे बळी घेतले, आणि २०१० नंतर त्या टप्प्याटप्प्याने हटविण्यात आल्या. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशाने बसचे डिझेल सुटून नैसर्गिक वायू आला, आणि २००२ अखेरपर्यंत हे स्थित्यंतर पुरे झाले.

मुंबई-पुण्याच्या माणसाला दिल्लीच्या बसमध्ये पहिला धक्का बसे तो कंडक्टर पाहून. आपल्याकडे कंडक्टर गर्दीतून वाट काढीत, चिमट्याची टिकटिक करीत उतारूपाशी येतो. दिल्लीत तो मागच्या दाराशी आपल्या आसनावर बसून असे आणि उतारूने त्याच्यापाशी जावयाचे. गर्दी असली तर पैसे हातोहात पुढे जात आणि तिकीट व सुटे पैसे हातोहात परत येत. प्रथम पाहणाऱ्याला हा बेशिस्तीचा प्रकार वाटे. पण पाच-सहा अनोळखी हातांतून गेलेली आपली नोट तिकिटासह सुखरूप परत आली, की दिल्लीविषयीच्या ऐकीव गोष्टींतल्या निम्म्या गळून पडत. तसेच तिथल्या 'मुद्रिके'चे. शहराभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यावरून फिरणाऱ्या बसला कोणा रसिकाने अंगठीचे हे संस्कृत नाव दिले. तिच्यात बसलेल्या नवख्याला एक आश्वासन होते: उतरावयाचे ठिकाण चुकले तरी हरकत नाही, फेरी पुरी झाली की ते पुन्हा येईलच. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, दिल्लीच्या बसगाड्यांत स्त्रियांसाठी बिनपैशाचे गुलाबी तिकीट सुरू झाले. त्याच्या आर्थिक बाजूविषयी मतभेद झाले. परंतु एकट्या स्त्रीला परक्या शहरात बसची पायरी चढणे त्याने सोपे केले, हे नाकारता येणार नाही.

तीनचाकी ऑटोरिक्षाशी महाराष्ट्राचे नाते तर घरचेच. भारतात तिच्या आरंभाशी नवलमल फिरोदियांचे नाव जोडलेले आहे, आणि दिल्लीच्या रस्त्यांवरच्या असंख्य रिक्षा पुण्याजवळच्या कारखान्यांत तयार झालेल्या. टांग्याच्या घासाघिशीवर उपाय म्हणून तिला मीटर बसविले. उपाय शास्त्रीय होता, परंतु मीटर पाडावयाचे की नाही यावरच नवी घासाघीस सुरू झाली! शेवटी स्टेशनाबाहेर वाहतूक पोलिसांच्या खिडकीवर आगाऊ पैसे भरून चिठ्ठी घेण्याची पद्धत आली. ठिकाण सांगावे, पैसे भरावेत, चिठ्ठी हाती ठेवावी आणि पोचल्यावरच चालकाला द्यावी. १८७९ च्या कायद्याला जे साधले नव्हते, ते एका कागदाच्या चिटोऱ्याने बऱ्याच अंशी साधले.

आणि मग मेट्रो आली. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा सहा स्थानकांचा पहिला टप्पा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो जनतेला खुला झाला. त्या दिवशी एवढी लोटालोट झाली की ठरलेल्या नाण्यासारख्या तिकिटांची व्यवस्था अपुरी पडून कागदी तिकिटे द्यावी लागली. मला या घटनेत मोठी गंमत वाटते. त्या एका दिवशी अख्खी दिल्लीच नवखी झाली होती. पिढीजात दिल्लीकरही फाटकापाशी थबकत होता, सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना कचरत होता, शेजाऱ्याला विचारीत होता. जाणता आणि अजाण हा भेद त्या दिवशी पुसला गेला.

३ जुलै २००५ रोजी मेट्रो नवी दिल्ली स्टेशनापाशी आली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पहाडगंजच्या दुसऱ्या अंगाला रामकृष्ण आश्रम मार्ग हे स्थानक उघडले. नवी दिल्लीचे मेट्रो स्थानक अजमेरी दरवाजाच्या बाजूला, रामकृष्ण आश्रमाचे पहाडगंजच्या बाजूला. रेल्वेच्या दोन तोंडांमुळे जी फाटाफूट होत असे, ती या दोन वाटांनी एकाच स्थानकावर, राजीव चौकात, पुन्हा एकत्र आणली. राजीव चौक आहे कुठे? कॅनॉट प्लेसच्या मध्यवर्ती उद्यानाखाली. म्हणजे १९२० च्या दशकात जिथे स्टेशन बांधणे अव्यवहार्य ठरले होते, नेमक्या त्याच जागी जमिनीच्या पोटात स्टेशन झाले! आणि नवी दिल्लीकडून दुसऱ्या दिशेला निघालेली मेट्रो चावडी बाजाराखालून चांदणी चौकाकडे जाते. १९६३ मध्ये रस्त्यावरून हद्दपार झालेले रूळ बेचाळीस वर्षांनी त्याच रस्त्यांच्या खाली परत आले. त्या बेचाळीस वर्षांत किती नवख्यांनी किती जादा पैसे आणि किती मनस्ताप मोजला असेल, त्याचा जमाखर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.

मेट्रोचे डबे, पूल, बोगदे यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला तिची थोरवी वाटते ती वेगळ्या कारणाने. तिच्यात कोणाला काही विचारावे लागत नाही. रेषांना रंग दिले आहेत, म्हणून अक्षर न येणारालाही वाट सापडते. भाडे फलकावर लिहिलेले असते. पुढचे स्थानक कोणते आणि दार कोणत्या बाजूला उघडणार, हे गाडीच सांगते. तो आवाज शम्मी नारंग आणि रिनी सायमन खन्ना या जाणत्या वृत्तनिवेदकांचा. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे विशेष पटेल, की अनोळखी जागी एक शांत, स्पष्ट, घाई न करणारा आवाज माणसाला केवढा धीर देतो. २ ऑक्टोबर २०१० पासून प्रत्येक गाडीचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आला. २०२३ पासून चौकोनी नक्षीची कागदी व मोबाइलवरची तिकिटे आली. या साऱ्याचे सूत्र एकच: जो पहिल्यांदा आला आहे, त्याला गृहीत धरून व्यवस्था आखणे.

तरीही सारे झाले असे समजण्याचे कारण नाही. मेट्रोच्या पायऱ्या चढून वर आले की शेवटचा अर्धा मैल उरतोच. तिथे सायकलरिक्षा, विजेवरची रिक्षा, हमाल आणि जुनी घासाघीस यांची गाठ पुन्हा पडते. आणि माहितीचा, वाटेचा, जिन्याचा प्रश्न हा केवळ सोयीचा नसतो, याची जाणीव नवी दिल्ली स्टेशनाने फार कठोरपणे करून दिली आहे. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री, प्रयागच्या कुंभमेळ्याला निघालेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत, चौदा आणि पंधरा क्रमांकांच्या फलाटांकडील पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन १८ जणांचे प्राण गेले. डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन आलेल्या यात्रेकरूंची ती गर्दी होती. मोठ्या स्टेशनावर अशा माणसाला आपली गाडी कोणती, ती कोणत्या फलाटावर आणि तिथे जाण्याचा जिना कोणता, हे वेळेवर व स्पष्ट कळणे हा त्याच्या जीविताचा प्रश्न असतो. जिथे रोजचा उतारू सवयीने निभावून नेतो, तिथे नवखा अडखळतो. आणि गर्दीत अडखळणे म्हणजे काय, ते त्या रात्री दिसले.

शहरे आपल्या थोरपणाची मापे निरनिराळी लावतात. कोणी मनोऱ्यांची उंची सांगते, कोणी रस्त्यांची रुंदी. दिल्लीजवळ ही दोन्ही मापे भरपूर आहेत. परंतु पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या माणसाला त्यांच्याशी कर्तव्य नसते. त्याला वाट हवी असते, ठरलेले भाडे हवे असते आणि फसविले न जाण्याचा विश्वास हवा असतो. एक्क्यापासून मेट्रोपर्यंत शंभराहून अधिक वर्षांत दिल्लीने हा विश्वास थोडा थोडा करून कमावला आहे. कधी कायद्याने, कधी रुळांनी, कधी एका चिठ्ठीने, तर कधी गर्दीतल्या अनोळखी हातांनी. जी व्यवस्था नवख्याला सुखाने नेते ती म्हाताऱ्याला नेते, मुलाला नेते, आजाऱ्याला नेते, आणि रोजच्या नागरिकालाही नेतेच. उलट जी केवळ माहीतगारांसाठी असते, ती एक ना एक दिवस माहीतगारांनाही पुरी पडत नाही. राज्य जिंकून घेता येते, शहर तसे घेता येत नाही. ते तिकीट काढून, रांगेत उभे राहून, शेजाऱ्याला जागा देऊनच आपलेसे करावे लागते.